रुक्मिणीच्या माहेरची तालीम

'संगीत स्वयंवर' हे नाटक नेमकं कुठे घडतं, हे मला त्या नाटकात ऑर्गन वाजवायला बसेपर्यंत माहीत नव्हतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. लहानपणी आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, पेटी शिकवली होती. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ती सुटली आणि नोकरी लागल्यावर एकटेपणामुळे परत हातात आली. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने एका हौशी ग्रुपमध्ये नेलं. तिथे 'स्वयंवर'च्या तालमी सुरू होणार होत्या आणि साथीला कुणीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी संहितेची झेरॉक्स घरी नेऊन नीट वाचली. विदर्भाची राजधानी कुंडिनपूर. राजा भीष्मक, मुलगा रुक्मी, मुलगी रुक्मिणी.

म्हणजे आमचं कौंडण्यपूर! अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यातलं, वर्धा नदीच्या काठावरचं. आमच्या गावापासून गाडीवर अर्ध्या तासाच्या अंतरावरचं. लहानपणी कार्तिकात आम्ही जिथे दहीहंडी बघायला आणि खरं तर रेवड्या खायला जायचो, ते गाव.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अरे, म्हणजे तू वधूपक्षाचा!" तेव्हापासून ग्रुपमध्ये माझं नाव 'वधूपक्ष' पडलं. दिवाळीत घरी गेल्यावर मी हे आजीला हसत हसत सांगितलं. आजी हसली नाही. तिने विचारलं, "कोन्त्या पट्टीत गाते थे पोट्टी?"

गाणं न शिकलेली माणसं हा प्रश्न विचारत नाहीत. हा लेख त्या प्रश्नापासून सुरू झाला.

पडद्यावरचं कुंडिनपूर

आधी गावाबद्दल. कौंडण्यपूर आज एक छोटं गाव आहे. नदीच्या पलीकडे वर्धा जिल्हा. अलीकडे विठ्ठल-रुक्मिणीचं मंदिर, घाट आणि अंबिकेचं देऊळ. याच अंबिकेच्या दर्शनाला आलेल्या रुक्मिणीला कृष्णाने रथातून नेलं, असं इथले लोक सांगतात. अमरावतीचे लोक मात्र तो मान आपल्या अंबादेवीला देतात आणि दोन्हींचा मेळ घालायला मधे एक भुयारही असल्याचं सांगतात. दर आषाढीला इथून रुक्मिणीची पालखी पायी पंढरपूरला जाते. ही परंपरा १५९४ पासूनची सांगितली जाते. इथल्या लोकांसाठी रुक्मिणी देवी आहेच, पण त्याआधी ती गावची लेक आहे.

रंगभूमीवरचं कुंडिनपूर मात्र वेगळं होतं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'स्वयंवर' गंधर्व नाटक मंडळीने १० डिसेंबर १९१६ रोजी पहिल्यांदा केलं. चाली भास्करबुवा बखल्यांच्या. रुक्मिणी बालगंधर्वांची. गंधर्व मंडळीचा थाट मोठा होता : भरजरी शालू, खरी अत्तरं, भारी पडदे. पुढे तर तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष अशी माणसं होती. तो थाट करता करता मंडळी कर्जात बुडाली, हेही आपल्याला ठाऊक आहे. सुबोध भावेंचा २०११ चा सिनेमा पाहिला असेल तर ते सगळं डोळ्यासमोर येईल.

त्या थाटामुळे आपला एक गैरसमज होतो. संगीत नाटक म्हटलं की आपल्याला मोठी कंपनी, मोठा पैसा, मोठा गवई आठवतो. मग जे बिनपैशाचे, रात्री आठनंतर तालीम करणारे लोक, त्यांना आपण 'हौशी' म्हणतो. त्या शब्दात थोडीशी सूटही असते : हौशी आहेत, जमेल तेवढं करतील. मीही तसंच समजत होतो. इतिहास वाचायला लागलो तेव्हा चित्र उलटं निघालं.

कारकून, वकील, कारकून

मराठी नाटकाची सुरुवात आपण विष्णुदास भाव्यांपासून धरतो : सांगली, १८४३, 'सीता स्वयंवर'. संगीत नाटकाची अण्णासाहेब किर्लोस्करांपासून : पुणे, ३१ ऑक्टोबर १८८०, 'शाकुंतल'. 'शाकुंतल' लिहिलं तेव्हा किर्लोस्कर काय करत होते? सरकारी नोकरी. महसूल खात्याच्या कमिशनरच्या कचेरीत ते कारकून होते. दिवसा फायली आणि संध्याकाळी पदं. ज्या नाटकाने मराठी रंगभूमीला पुढची पन्नास वर्षं पोसलं, ते एका नोकरदार माणसाने कचेरी सुटल्यावरच्या वेळात उभं केलं. आमच्या भाषेत सांगायचं तर तो साइड प्रोजेक्ट होता.

आता वऱ्हाडाकडे या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आपल्याला शाळेत 'सुदाम्याचे पोहे'वाले विनोदी लेखक म्हणून भेटतात. ते अकोल्याला शिकले, तिथेच वकिली सुरू केली आणि पुढे जळगाव-जामोदला वकील म्हणून राहिले. 'वीरतनय', 'मूकनायक' ही त्यांची संगीत नाटकं पुण्या-मुंबईत गाजत होती, तेव्हा नाटककार वऱ्हाडात अशिलांचे कागद बघत होता. किर्लोस्करांच्या पदांना कीर्तनाचा, साकी-दिंडीचा, घरगुती गाण्यांचा वास होता. कोल्हटकरांनी पारशी रंगभूमीवरच्या चटकदार चाली आणल्या. जुन्या रसिकांनी नाकं मुरडली, पण प्रेक्षक त्या चाली गुणगुणत घरी गेले. राम गणेश गडकऱ्यांसारखा नाटककार त्यांना गुरू मानायचा.

अमरावतीत तर नाटकाला वकिलांचाच आधार होता. दादासाहेब खापर्डे, लोकमान्य टिळकांचे जवळचे सहकारी, व्यवसायाने वकील. १९०५ साली मुंबईत पहिलं नाट्यसंमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष हेच आमचे अमरावतीकर खापर्डे. त्यांच्यानंतरच्या पिढीतले वीर वामनराव जोशी हे पत्रकार, स्वातंत्र्यसैनिक, तुरुंग भोगून आलेले. त्यांचं 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' १९१३ चं. ते केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने केलं. 'रणदुंदुभि' १९२७ चं, ते दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत मंडळीने केलं. लिहिणारा एका हाताने चळवळ करत होता आणि दुसऱ्या हाताने नाटक. पोट नाटकावर नव्हतं, पण जीव होता.

आणि शेवटी मूर्तिजापूर. अकोला जिल्ह्यातल्या या गावात २ मे १९२० रोजी वसंतराव देशपांडे जन्मले. 'कट्यार काळजात घुसली'मधले खाँसाहेब. ते नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, १९६७ सालचं. त्याआधी वसंतरावांनी वीसेक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली. 'मी वसंतराव' हा सिनेमा पाहताना माझ्या ऑफिसातल्या मित्राने माझ्या कानात म्हटलं होतं, "हा तर आपल्यासारखा निघाला." आपल्यासारखा अजिबात नाही. पण साडेपाचला टेबल आवरून तंबोऱ्याकडे जाणारा माणूस म्हणून पाहिलं, तर ओळख पटते.

बोलपट १९३१-३२ ला आले आणि नाटक कंपन्या एकामागून एक बसल्या. बालगंधर्व स्वतः १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले. कंपन्या गेल्यावर 'सौभद्र', 'शारदा', 'स्वयंवर' जिवंत ठेवली ती कुणी? काही प्रमाणात पुढच्या व्यावसायिक मंडळींनी, पण गावोगाव ती राहिली शाळामास्तर, तलाठी, पोस्टातली आणि बँकेतली माणसं यांच्यामुळे. १९५४ पासून सरकारची राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली. तिच्या नावात 'हौशी' हा शब्द आहे. मला आता तो शब्द कमीपणाचा वाटत नाही. संगीत नाटक हौशी माणसाने सुरू केलं, मधे पन्नास वर्षं ते कंपन्यांकडे गेलं आणि मग परत हौशी माणसांकडेच आलं.

आबाजींची वही

पण "हौशी माणसांकडे" म्हणताना 'माणसां'मध्ये कोण कोण येतं? इथे आजीचा प्रश्न परत येतो.

पट्टीचा प्रश्न विचारून आजी आत गेली आणि एक वही घेऊन आली. लाल पुठ्ठ्याची, शाळेच्या हजेरीपटासारखी. आबाजी प्राथमिक शाळेत मास्तर होते. भजनी मंडळात पेटी वाजवायचे. साठच्या दशकात एका कार्तिकात त्यांनी गावात 'स्वयंवर' बसवलं, हे मी उडत उडत ऐकलं होतं. वहीत त्याचा सगळा हिशेब आहे. गॅसबत्त्या भाड्याने. पडदे अमरावतीहून, बैलगाडीचं भाडं वेगळं. साखर, चहापत्ती. साखर, चहापत्ती. परत साखर, चहापत्ती.

पुढच्या पानांवर काटछाट. खाडिलकरांचं नाटक रात्रभर चालायचं. गावाला पहाटे उठून कापूस वेचायला जायचं असतं. कार्तिक म्हणजे ऐन हंगाम. म्हणून मास्तरांनी नाटक तीन तासांवर आणलं. कुठलं पद ठेवायचं, कुठलं वाचून दाखवायचं, कुठलं काढायचं, याच्या खुणा. समासात कारणं : "श्वास पुरत नाही." "ताल चुकतो, त्रितालात घ्यावे." "रुक्मीला गाता येत नाही, संवाद वाढवावा." हा संपूर्ण दिग्दर्शकाचा विचार आहे, फक्त त्यांना तसं कुणी म्हटलं नाही. जुन्या कंपन्यांत या कामाला 'तालीममास्तर' म्हणत. आमचे आबाजी खरोखरच मास्तर होते, म्हणून बहुधा वेगळ्या पदवीची गरज पडली नाही.

चाली कुठून आणल्या? ग्रामोफोनच्या तबकडीवरून. गावातल्या एका वाड्यात बालगंधर्वांच्या तबकड्या होत्या. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावतात. रंगमंचावर जे पद बालगंधर्व वन्स मोर घेत पंधरा-वीस मिनिटं फुलवायचे, ते तबकडीत तीन मिनिटांत आवळून बसवलेलं. १९४८ साली नागपूर आकाशवाणी सुरू झाली, पण रेडिओवर हवं ते पद हवं तेव्हा लागत नाही. त्यामुळे आमच्या गावाने 'स्वयंवर' शिकलं ते आवळलेल्या आवृत्तीतून. जागा आल्या, पण त्यांच्यामधली उसंत आली नाही. कंप्रेस केलेल्या फाइलमधून मूळ फाइल परत मिळवता येत नाही, हे मला कामामुळे माहीत आहे. आबाजींनी ती आपल्या अंदाजाने भरून काढली. समासात लिहिलंय : "इथे थांबावे. मग सम."

आणि एक पान पात्रांचं. कृष्ण, भीष्मक, रुक्मी, शिशुपाल. रुक्मिणीपुढे आबाजींच्या धाकट्या भावाचं नाव. त्यांना मी लहानपणी पाहिलंय. मिशा असलेले, ट्रॅक्टर चालवणारे. ते रुक्मिणी झाले होते.

थोडं आमच्या तालमीबद्दल

आजीच्या गोष्टीकडे जाण्याआधी आमच्या प्रयोगाचं सांगतो, कारण ते घडलं नसतं तर वहीतली ती पानं मला वाचताच आली नसती.

आमचे दिग्दर्शक बँकेत होते, आता निवृत्त. ते म्हणतात, संगीत नाटकाच्या दिग्दर्शकाला दोन नाटकं बसवावी लागतात. एक बोलणाऱ्यांचं, एक गाणाऱ्यांचं. गाणारी मुलगी आली की तिला उभं राहता येत नाही. पद सुरू झालं की ती रुक्मिणी राहत नाही, मैफलीतली गायिका होते आणि नजर साथीदारांकडे लावते. अभिनय करणारा आला की तो तालात हसतो आणि सुरात रडत नाही. आमची रुक्मिणी शाळेत विज्ञान शिकवते. दिवसभर सहा तास बोलून घसा बसवून यायची आणि मग गायची. कृष्ण एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करायचा. त्याची रात्रपाळी असली की शिशुपालच कृष्णाचीही वाक्यं म्हणायचा आणि स्वतःलाच दम द्यायचा.

मी पेटीवरून पायांच्या ऑर्गनवर गेलो, तेव्हा पहिले पंधरा दिवस हात आणि पाय एकमेकांशी भांडत होते. तालमी एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये. साडेनऊनंतर वरून कुणीतरी ओरडायचं. माझ्या कंपनीत त्याच महिन्यात रिलीज होतं. ऑर्गनवर फोन ठेवलेला असायचा आणि दुसऱ्या अंकात सर्व्हर पडल्याचे मेसेज यायचे.

स्पर्धेच्या प्रयोगाच्या सकाळी रुक्मिणीचा घसा बसला. ती काळी चारमध्ये गायची. दुपारी ठरलं, एक स्वर खाली, काळी तीन. तबलजीने हातोडी घेऊन तबला उतरवला. मी सगळी पदं मनात खाली आणली, दोनदा वाजवून पाहिली. पहिला अंक सुरळीत गेला. दुसऱ्या अंकात एका पदाच्या सुरुवातीला हाताने सवयीने जुना षड्ज दिला. काळी चार.

तबला खाली, ऑर्गन वर. मला ऐकू आलं, तबलजीला ऐकू आलं, तिला तर आलंच. ती गायली नाही. सखीकडे वळली, तिचा हात धरला आणि संहितेत नसलेलं एक वाक्य बोलली : तिचं मन अजून ठिकाणावर नाही, म्हणून सूर लागत नाही. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत मी हात खाली आणला. तिने सम धरली. प्रेक्षकांना वाटलं, नाटकातच आहे. परीक्षकांनी अभिनयाबद्दल तिचं कौतुक केलं. चूक माझी होती.

आजी

हा प्रसंग मी आजीला सांगितला आणि मग विचारलं, "तुला पट्टी कशी कळते?"

आजी सांगू लागली. तेव्हा ती नवीन सून होती. तालमी आमच्याच ओसरीवर व्हायच्या, दोन महिने, रोज रात्री. पंधरा-वीस माणसं. ती आत चुलीपाशी. तीन वेळा चहा. वहीतली ती साखर, चहापत्ती. दाराआडून सगळी पदं ऐकून पाठ झाली. धाकट्या दिराचा स्वर एका ठिकाणी रोज खाली पडायचा. आत बसून तिला आधी कळायचं, बाहेर मास्तरांना नंतर. एकदा तिने आबाजींना सांगितलं, पट्टी थोडी उतरवा, त्याइले वर झेपत नाही. आबाजींनी दुसऱ्या दिवशी उतरवली. वहीत त्या तारखेला लिहिलंय : "पट्टी बदलली. आता ठीक." कुणी सांगितलं, ते लिहिलेलं नाही.

"मग तू का नाही गायलीस?"

"मले कोन इचारलं?" ती म्हणाली. "म्या चहा केला."

हे काही आमच्याच घरचं वैशिष्ट्य नव्हतं. 'राक्षसी महत्त्वाकांक्षा'तली मृणालिनी केशवराव भोसल्यांनी केली, 'रणदुंदुभि'तली तेजस्विनी दीनानाथांनी. महाराष्ट्राने बाईचं चालणं-बोलणं बालगंधर्वांकडून शिकावं, असा तो काळ. कमलाबाई गोखले, हिराबाई बडोदेकर यांच्यासारख्या स्त्रिया रंगभूमीवर आल्या, त्यांनी त्याची किंमतही मोजली. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक उभ्या राहिल्या, तेव्हा ती बातमी होती. शहरात ते झालं, तरी त्यानंतर तीस वर्षांनी आमच्या गावात, रुक्मिणीच्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर, रुक्मिणी एक पुरुषच झाला. खरी लेकीबाळी असलेली घरं आजूबाजूला होती. कुणाच्या मनात आलं नाही. किंवा आलं असेल, बोललं गेलं नाही.

मी वर मोठ्या अभिमानाने कारकुनांची आणि वकिलांची यादी दिली. ती खरीच आहे. पण कचेरी सुटल्यावर ज्याला दुसरी कचेरी नसते, त्यालाच संध्याकाळी हौस करता येते. घरी कुणीतरी स्वयंपाक करत होतं, मुलं झोपवत होतं, तालमीला चहा देत होतं. त्या माणसाची संध्याकाळ कधी सुटलीच नाही. आमच्या ग्रुपमधली रुक्मिणी सहा तास शिकवून येते, आणि येण्याआधी घरचा स्वयंपाक करून येते. हे मला प्रयोगाच्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

या कार्तिकात आजीला घेऊन कौंडण्यपूरला गेलो. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी खूप गर्दी असते, म्हणून चार दिवस आधीच. घाटावर फारसं कुणी नव्हतं. तिला म्हटलं, आबाजींनी समासात "इथे थांबावे" लिहिलंय ते पद म्हण. तिने आधी नाही म्हटलं. मग इकडेतिकडे पाहून हळू आवाजात सुरू केलं. त्र्याऐंशी वर्षांचा आवाज, श्वास तुटत होता. मी फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावलं आणि माझ्या सवयीने काळी चारचा षड्ज दिला.

तिने डोळे मिटूनच हात हलवला. "खाली घे," म्हणाली.

मी खाली घेतला. पद संपल्यावर वही उघडली आणि पात्रांच्या पानावर खाली, जिथे पेटी आणि तबला लिहिलंय, तिथे एक ओळ वाढवली : "पट्टी : आजी." तिने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "नाव त लिही बाप्पा. आजी त कोनाचीबी असते."

मग मी तिचं नाव लिहिलं.